आवड, निवड आणि श्रोत्याचे दायित्व

१

घरी संगीत ऐकण्यासाठी कोणती स्ट्रीमिंग सेवा घ्यावी, हा प्रश्न वरकरणी ग्राहकमार्गदर्शनाच्या सदरात मोडणारा आहे. मासिक वर्गणी किती, संग्रह केवढा, ध्वनीची प्रत कशी, एका वर्गणीत घरातील किती माणसांना ऐकता येते, अशा चार-दोन मुद्द्यांची तुलना केली की त्याचे उत्तर मिळते, असे मानले जाते. समीक्षेला अशा प्रश्नाशी काय कर्तव्य, असेही कोणी विचारील. परंतु अभिरुची, आस्वाद, कर्तृत्व, कलाकृतीची एकात्मता या ज्या संकल्पनांवर समीक्षाव्यवहार उभा आहे, त्या सर्व या साध्या दिसणाऱ्या निवडीत गुंतलेल्या आहेत. हिंदुस्थानी ख्यालगायन हे मुख्य उदाहरण घेऊन प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, सेवेची निवड ही श्रवणाच्या एका विशिष्ट व्यवस्थेला दिलेली संमती असते, आणि म्हणून श्रोता तिच्याबाबत काही अंशी उत्तरदायी ठरतो. 'काही अंशी' म्हणजे नेमके किती, हेही तपासावे लागेल.

मराठीत 'आवडनिवड' हा जोडशब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या दोन घटकांतील अंतर लक्षात येत नाही. आवड आपल्या ठिकाणी उत्पन्न होते. तिचे समर्थन कोणी मागत नाही. निवड केली जाते, तिला 'का?' असा प्रश्न विचारता येतो आणि तो विचारणे गैर ठरत नाही. कांटने १७९० मध्ये सुखद आणि सुंदर यांत केलेला भेद या अंतराशी निगडित आहे. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) तो मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. एखादे पेय मला रुचते, एवढेच म्हणताना मी इतरांच्या संमतीची अपेक्षा करीत नाही. एखादी कृती सुंदर आहे असे म्हणताना मात्र ती अपेक्षा माझ्या विधानातच अंतर्भूत असते. सौंदर्यविधान या अर्थाने निवडीच्या जवळ जाते. त्याची जबाबदारी घ्यावी लागते.

स्ट्रीमिंग सेवेची शिफारसयंत्रणा हे अंतर पुसून टाकते. काय लावले, किती वेळ ऐकले, कोठे सोडून पुढे गेले, एवढ्या नोंदींवरून ती श्रोत्याचे चित्र तयार करते आणि त्याच्याशी जुळणारे संगीत पुढे ठेवते. म्हणजे श्रोत्याची प्रत्येक निवड ती आवडीचे लक्षण म्हणून वाचते. एखाद्या घराण्याची गायकी मनाला न भिडणारा विद्यार्थी ती समजून घेण्यासाठी तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकतो, तेव्हा यंत्रणेच्या लेखी तो त्या गायकीचा चाहता असतो. वस्तुतः त्याचे श्रवण आवडीच्या विरुद्ध दिशेने चाललेले असते. समीक्षकाचे बरेचसे श्रवण याच प्रकारचे असल्यामुळे त्याला या व्यवस्थेत नावच नाही, असे म्हणावे लागते.

२

माध्यमाने संगीतावर अटी लादणे ही काही नवी गोष्ट नव्हे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा तासभर चालणाऱ्या रागाला सुमारे तीन मिनिटांत बसावे लागले. केसरबाई केरकरांची (१८९२–१९७७) ध्वनिमुद्रणाविषयीची अनिच्छा सर्वश्रुत आहे. त्यांच्यासारख्या विस्तारप्रधान गायकीच्या कलावतीला ही अट किती जाचक वाटली असेल, याची कल्पना करता येते. परंतु तबकडीची अट उघड होती. तीन मिनिटांत काय गळाले आहे हे जाणकार श्रोत्याला ठाऊक होते आणि ते तो मैफलीतील स्मृतीने भरून काढी. शिवाय तबकडी संपली की शांतता पसरे; दुसरी लावावयाची तर उठावे लागे. क्रम श्रोत्याच्या हाती होता.

स्ट्रीमिंगने कालमर्यादेची अट काढून टाकली आणि तिच्या जागी न दिसणाऱ्या अटी आणल्या. ललत संपताच यंत्रणा आपण होऊन पुढचे काहीतरी सुरू करते. ते कोणत्या प्रहराचे आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. समयसंकेत न मानणारा श्रोताही हे मान्य करील की राग संपल्यानंतरची शांतता हा आस्वादाचा भाग असतो. स्वयंचलित क्रम थांबविण्याची सोय बहुतेक सेवांत असते. तथापि क्रम आपोआप चालू राहणे हे गृहीत आणि थांबणे हा अपवाद, या रचनेतूनच व्यवस्थेचे मत प्रकट होते.

वर्गीकरणातही हेच घडते. अशोक रानडे (१९३७–२०११) यांनी लोकसंगीत, कलासंगीत, जनसंगीत अशा ज्या कोटी मांडल्या, त्यांच्यामागे गाणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांच्या परस्परसंबंधांचा विचार होता. सेवांच्या याद्या पुष्कळदा प्रयोजनावर बेतलेल्या असतात: एकाग्रतेसाठी, विश्रांतीसाठी, झोपेसाठी. अशा यादीत ठेवलेला बासरीवरचा आलाप आणि पावसाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण हे एकमेकांचे पर्याय बनतात. ज्याच्याकडे लक्ष द्यावे असे काही आपल्यापुढे आहे ही जाणीव लोपली, की कलासंगीत उपयुक्त ध्वनी होऊन राहते.

३

येथपर्यंतचा विचार श्रोत्याच्या स्वतःच्या श्रवणापुरता होता. पैशाचा प्रश्न घेतला की त्यात दुसरी माणसे येतात आणि तो नैतिक होतो. आपण भरलेली वर्गणी आपण ऐकलेल्या कलावंतांकडे जाते, असा सर्वसाधारण समज असतो. बहुतेक मोठ्या सेवांत तसे घडत नाही. सर्वांच्या वर्गण्या एकत्र केल्या जातात. स्पॉटिफायच्या सांगण्यानुसार उत्पन्नाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हक्कधारकांना दिला जातो, आणि हा निधी एकूण श्रवणांच्या संख्येतील वाट्याप्रमाणे विभागला जातो. तेथे ३० सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते. म्हणजे तासाभराचा अखंड बडा ख्याल आणि एकतीस सेकंदांचा ध्वनितुकडा यांची गणना सारखीच होते. २०२४ पासून, मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकले गेलेले ध्वनिमुद्रण या वाटपातूनच वगळले जाते.

या गणिताचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एक श्रोता महिन्यात तासाभराची ४० ध्वनिमुद्रणे लक्षपूर्वक ऐकतो. दुसऱ्याच्या दुकानात तीन-तीन मिनिटांची गाणी रोज आठ तास चालू असतात. म्हणजे दिवसाला १६० आणि महिन्याला ४,८०० श्रवणे. दोघांची वर्गणी समान असली, तरी निधीच्या वाटपात दुसऱ्याचे मत पहिल्याच्या १२० पट जड ठरते. पहिला श्रोता आपल्या पैशाने, आपल्या नकळत, दुसऱ्याच्या पार्श्वसंगीताचा खर्च उचलतो. दीर्घ ध्वनिमुद्रणाचे तुकडे करून ही विषमता काहीशी कमी करता येते. परंतु मग विलंबित कोठे तोडावे, याचा निर्णय रागविस्ताराच्या तर्काऐवजी मोजणीच्या तर्काने होऊ लागतो.

ही पद्धत अपरिहार्य मात्र नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही कलावंतांसाठी प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत सुरू केली. बर्लिनच्या इडाजिओ या पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या सेवेने ऐकलेल्या सेकंदांनुसार मोबदला देण्याचे तत्त्व स्वीकारले. डीझरने २०२३ मध्ये फ्रान्समध्ये आणलेली पद्धत आपल्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. श्रोत्याने स्वतः होऊन शोधून लावलेल्या गाण्याला तीत यंत्रणेने वाढलेल्या गाण्यापेक्षा अधिक मोल दिले जाते. व्यापारी हिशेबातदेखील आवड आणि निवड यांत भेद करणे शक्य आहे, याचा हा पुरावा होय. जे शक्य असूनही केले जात नाही, त्याला तांत्रिक अपरिहार्यतेचे नाव देता येत नाही.

४

पैशाचे ऋण कायद्याच्या मुदतीने संपू शकते. भारतात ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील थोर गायकांची त्याच काळात प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे आता कोणालाही प्रसृत करता येतात. तेथे श्रोत्याचे दायित्व उरत नाही काय? माझ्या मते येथे त्याचे अधिक मूलभूत रूप दिसते, ते म्हणजे नामनिर्देशाचे. आरंभीच्या तबकड्यांत गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील तंत्रज्ञांना गायिकेची ओळख पटावी, हे त्याचे कारण सांगितले जाते. कारण व्यावहारिक असले तरी परिणाम असा झाला की नाव आवाजापासून वेगळे करता येईना.

आज नाव हे ध्वनीबाहेरच्या एका नोंदीत असते, आणि ती नोंद सदोष असू शकते. रागाचे नाव गीताच्या शीर्षकात हरवते, तालाचा उल्लेख नसतो; तबला, पेटी वा सारंगीच्या साथीदाराचे नाव पुष्कळदा कोठेच नसते. श्रेयनामावली दाखविण्याची सोय काही सेवांत आहे, पण ती भरणे प्रकाशन कंपनीवर किंवा वितरकावर अवलंबून असते. ॲपलने २०२३ मध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी स्वतंत्र उपयोजन काढले, त्यात संगीतकार, कृती, संचालक, वादक यांनुसार शोध घेता येतो. आवश्यकता पटली की व्यवस्था घडविता येते, हे यातून दिसते. मात्र संगीतकार आणि कृती या जोडीवर उभारलेला तो साचा ख्यालाला जसाच्या तसा लागू पडणार नाही. ख्यालात राग, बंदिश, गायक आणि साथ यांच्या त्या दिवशीच्या संयोगातून कृती सिद्ध होते. साथीदाराचे नाव वगळणे म्हणजे कृतीचे वर्णनच अपुरे ठेवणे होय. येथे नैतिक दोष आणि समीक्षेचा दोष एकच ठरतात.

५

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पूर्वीची व्यवस्था याहून न्याय्य नव्हती. तो खरा आहे. दरबारचा आश्रय लहरीवर अवलंबून असे, आणि दुर्मिळ ध्वनिमुद्रणे मोजक्या संग्राहकांच्या कपाटांत बंद असत. एकच राग दोन घराण्यांत कसा मांडला जातो हे लागोपाठ ऐकून पडताळण्याची, वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'तील (१९६१) विवेचन कानांनी तपासून पाहण्याची सोय आज तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला आहे. हा लाभ मोठा आहे आणि जुन्या मैफलीच्या हळहळीत तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु पूर्वीचा अन्याय आजच्या अन्यायाचे समर्थन होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप, निर्दोष सेवा कोठेच नसल्यामुळे निवड व्यर्थ आहे, असा. नील यंग यांनी २०२२ च्या जानेवारीत, एका ध्वनिकार्यक्रमातून लसीकरणाविषयी पसरणाऱ्या चुकीच्या माहितीच्या निषेधार्थ, स्पॉटिफायवरून आपली गाणी काढून घेतली. २०२४ मध्ये ती परत आणताना त्यांनी दिलेले कारण हेच होते, की तो कार्यक्रम आता इतर सेवांवरही आला आहे. त्यांच्या माघारीवरून निषेध निरर्थक होता असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मात्र सेवा बदलल्याने हात स्वच्छ होतात, हा भ्रम तिने दूर केला.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे: एका श्रोत्याच्या निवडीने काहीच बदलत नाही. परिणामांच्या भाषेत याला उत्तर नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु कृतज्ञतेची सर्वच कर्तव्ये परिणामांवर आधारलेली नसतात. गायकाचे नाव विसरू नये, हे आपण नाव लक्षात ठेवल्याने त्याला काही लाभ होतो म्हणून म्हणत नाही. त्याच्याकडून काही घेतले आहे म्हणून म्हणतो. मृत गायकाच्या बाबतीत तर लाभाचा प्रश्नच येत नाही, तरीही कर्तव्य जाणवते. श्रोत्याचे दायित्व या जातीचे आहे. व्यवस्था सुधारण्याचे ओझे ते त्याच्यावर टाकीत नाही. तिच्यात राहूनही घेणारा म्हणून जाणतेपणाने वागावे, एवढेच मागते.

६

या दृष्टीने पाहता सेवा निवडताना किंमत आणि ध्वनीची प्रत यांच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारणे योग्य ठरते: माझ्या ऐकण्याचा मोबदला कोणास मिळतो, कोणाची नावे मला दिसतात, आणि यापुढे काय ऐकावे हे कोण ठरवितो. तिन्हींची समाधानकारक उत्तरे देणारी सेवा आज तरी सापडणे कठीण आहे. म्हणून उरलेला भाग श्रोत्याने स्वतः भरून काढावा लागतो. सेवेचा उपयोग परिचयासाठी करावा. जे ध्वनिमुद्रण आपल्या विचाराचा भाग झाले ते, उपलब्ध असल्यास, विकत घ्यावे. हयात गायकाच्या मैफलीचे तिकीट काढावे. यंत्रणेचा क्रम बंद ठेवावा. विकत घेण्याला एक व्यावहारिक कारणही आहे. विंक म्यूझिक ही सेवा २०२४ मध्ये बंद झाली, आणि वर्गणीदाराचा संग्रह हा भाडेकरूचा संग्रह असतो, हे त्या निमित्ताने पुन्हा दिसून आले.

अभ्यासकाचे दायित्व याहून थोडे अधिक आहे. ध्वनिमुद्रणाचा आधार घेऊन रागाविषयी वा गायकीविषयी लिहिताना प्रकाशनाचे वर्ष, ताल, बंदिश आणि साथीदारांची नावे शोधून ती नोंदविणे, हे संपादित संहितेतील पाठभेद नोंदविण्याइतकेच आवश्यक मानले पाहिजे. हस्तलिखितांच्या बाबतीत ही शिस्त आपण केव्हाच अंगी बाणवली आहे. ध्वनीच्या बाबतीत ती अद्याप रुजलेली नाही, आणि ती नावे जाणणारे साथीदार, शिष्य व संग्राहक हयात आहेत तोवरच ते काम करता येणार आहे.