हाकेला ओ

कामात गढलेल्या माणसाने हाकेला ओ द्यावी की देऊ नये, या प्रश्नावर आपल्याकडे फार पूर्वीपासून दोन पंथ आहेत. पहिला पंथ खिडकीमागच्या कारकुनाचा. तो काम खरोखरच करीत असतो, पण मान वर करीत नाही. रांगेतल्या माणसाने तीनदा ‘अहो’ म्हटले तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. दुसरा पंथ पिठाच्या गिरणीवाल्याचा. पट्ट्याच्या खडखडाटात त्याला तुमचे शब्द ऐकू येत नाहीत, पण डबा पाहून तो दोन बोटे वर करतो. म्हणजे तुमच्या आधी दोन डबे आहेत. तुमचे दळण त्यामुळे लवकर होत नाही, पण आपण मधल्या वेळात कोथिंबीर घेऊन येतो.

मी संगणकाचे प्रोग्राम लिहून पोट भरतो, त्यामुळे हा प्रश्न मला धंद्यातही चुकला नाही. एका वाचनालयाच्या नोंदींचा प्रोग्राम माझ्याकडे आहे. तिथल्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “वर्षाची बिलं, पावत्या, कार्यक्रमांचे फोटो, सगळ्याचं एक गाठोडं बांधून देणारं बटण हवं.”

या गाठोड्याला संगणकात ‘झिप’ म्हणतात. फिल काट्झ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८९ साली ते चालू केले. त्यातली मूळ युक्ती लेम्पेल आणि झिव्ह या जोडीने १९७७ साली मांडलेली. एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, तर तो पुन्हा लिहायचा नाही. ‘इतके मागे जा आणि तिथून इतके उचल’ अशी खूण करायची. आरत्यांच्या पुस्तकात ध्रुवपद दर कडव्याखाली पुरते छापत नाहीत, तसेच हे.

पण गाठोडे बांधायला वेळ लागतो आणि खिडकीवाल्या प्रोग्रामचा कारभार असतो एकहाती. माउसची टिचकी, दाबलेली कळ, खिडकी पुन्हा रंगवण्याचा हुकूम, या सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच रांगेत येतात आणि एकच इसम त्या क्रमाने उघडतो. त्यालाच गाठोडे बांधायला बसवले की चिठ्ठ्या साचू लागतात. पाच सेकंदांत त्याने एकही चिठ्ठी उचलली नाही, तर विंडोजचा संशय बळावतो. त्यानंतर तुम्ही टिचकी मारली की खिडकीवर पांढुरकी कळा येते आणि माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी लागते. आत तो बिचारा इमानाने गाठी मारतो आहे आणि बाहेर त्याच्या सुतकाची तयारी! बाहेरचा माणूस शेवटी वैतागून मशीनच बंद करतो आणि मग तो खरोखरच जातो.

यावर उपाय म्हणजे मागच्या खोलीत दुसरा गडी ठेवणे. आमच्या धंद्यात त्याला ‘थ्रेड’ म्हणतात. गाठोडे तो बांधतो. पुढचा ओ द्यायला मोकळा राहतो. पथ्य एकच. मागच्याने पुढे येऊन खिडकीला हात लावायचा नाही, सांगायचे ते चिठ्ठीने सांगायचे. आचारी झारा घेऊन पंगतीत वाढायला आला, तर वाढप्यांचा आणि त्याचा जो गोंधळ होईल तोच इथे होतो. आणि चिठ्ठ्यासुद्धा बेताने पाठवायच्या. दर घासाला ‘चावला, गिळला’ असे कळवत बसले, तर पुढचा त्यातच गुदमरतो.

इथवर तंत्र झाले. पुढे नीती लागते, कारण ओ द्यायची म्हणजे बोलायचे काय?

काम किती झाले ते दाखवणारी पट्टी लोकांना आवडते, हे ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच प्रयोग करून दाखवले. मग मनात पाप येते. पट्टी नुसती हलल्याशी कारण, तर ती खरी कशाला हवी? सुरुवातीला पळवावी, शेवटी रेंगाळत ठेवावी. कोणाला कळते?

हे तत्त्वज्ञान आमच्या लहानपणीच्या शिंप्याला पुरते अवगत होते. “झालाच, काजं-बटणं तेवढी राहिलीत!” असे तो दिवाळीच्या आदल्या दिवशी सांगे, तेव्हा कापडाला कात्री लागलेली नसे. दिवाळीचा सदरा आम्ही तुळशीच्या लग्नाला घालीत असू. पट्टीवरचे नव्व्याण्णव टक्के हे त्याच शिंप्याचे वंशज. पुष्कळदा तिथे लबाडीही नसते, मापच चुकीचे असते. हजार पावत्या फटाफट आत जातात आणि शेवटी उरतो वार्षिक समारंभाचा एक अगडबंब व्हिडिओ. फायली मोजल्या तर काम संपले. वजन केले तर अजून व्हायचेच आहे. म्हणून बाइट मोजायचे.

धीर देण्यासाठी बोललेले खोटे माफ असते, असे कोणी म्हणेल. पण वाट पाहणाऱ्याचा वेळ त्याचा स्वतःचा असतो. थांबावे की चहा पिऊन यावे, हे तो पट्टीच्या शब्दावर ठरवतो. खोट्या पट्टीने त्याला धीर मिळत असेल, पण ठरवण्याचा हक्क जातो.

आणि खरी पट्टी झाली तरी ते बोलणेच. ऐकण्याची परीक्षा वेगळीच. तिचे नाव ‘रद्द करा’. मागच्या गड्याला मानगूट धरून उठवता येत नाही. अर्धवट गाठोडे तसेच पडून राहते आणि झिपची अनुक्रमणिका तर शेवटच्या पानावर, ती लिहिलेलीच नसते. तेव्हा त्याने दर घासाला मान वर करून ‘थांब’ची खूण दिसते का ते पाहायचे, दिसली तर अर्धे काम आवरून निमूट उठायचे. गाठोड्यालाही पुरे होईतो कच्चे नाव, पुरे झाल्यावरच बारसे. अशाने काम किंचित मंदावते. ऐकून घेण्याची किंमत कामातूनच वळती होते आणि ती मोजायला बहुतेक कर्तबगार माणसे तयार नसतात.

बाईंनी पहिल्याच दिवशी गाठोडे बांधायला लावले आणि पट्टी चाळिसावर असताना ‘रद्द करा’ दाबले.

“का हो, बाई?”

“काही नाही. ऐकतं का ते पाहिलं.”

मग त्यांनी पुन्हा बटण दाबले आणि पट्टीकडे ढुंकूनही न बघता त्या चहाला गेल्या.