धर्मादा आणि तराजू

आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमान्वये कापसाचा जो नियंत्रित बाजार सुरू झाला, तो हिंदुस्थानातील अशा प्रकारचा पहिला बाजार मानला जातो. परंतु त्याच्या मुळाशी कोणाची भूतदया नव्हती, तर मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ, भेसळरहित रुई वाजवी दराने हवी होती, एवढाच रोकडा हेतू होता. पुढे १८९७ च्या वऱ्हाडच्या कायद्याने अशा बाजारांना कायमचे अधिष्ठान दिले, दलालांना व तोलाऱ्यांना परवाने लावले, आणि बाजारावर देखरेखीसाठी समित्या नेमल्या. त्यांत व्यापाऱ्यांचा वरचष्मा राहिला, पिकवणाऱ्यास हक्काची जागा नव्हती. तरीसुद्धा वजनमापावर अंकुश आल्याने कुणब्याच्या पदरात जे पडले, ते दानशूरांच्या औदार्याने क्वचितच पडले असते, असे माझे मत आहे.

कारण त्या काळच्या बाजारांतील औदार्याची तऱ्हाच न्यारी होती. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून अडत, हमाली, तोलाई वजा झाल्यावर शेवटी गोशाळा, पांजरपोळ वा देवस्थान यांच्या नावाने ‘धर्मादा’ कापला जाई. पैसा शेतकऱ्याचा, पुण्य मात्र पेढीच्या खाती! (पुण्याची अशी अफरातफर कोणत्या दफ्तरात नोंदवावी, हे चित्रगुप्तालाच ठाऊक.)

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चण्याचे बंधन घातले, ते धर्माद्याहून निःसंशय सरळ आहे. येथे निदान रक्कम कंपनीच्या नफ्यातून जाते. मात्र तो नफा कोणत्या मार्गाने आला, हा प्रश्न या कलमाच्या कक्षेत येत नाही. नेहमीच्या व्यवसायाच्या ओघातील कामे या खर्चात धरू नयेत, असे नियमच सांगतात. त्यात गैर काही नाही, पण त्यामुळे वार्षिक अहवालाच्या सामाजिक जबाबदारीच्या प्रकरणात शाळेची रंगरंगोटी दिसते आणि खरेदीकाट्याची सचोटी दिसत नाही. खर्च ठरवणारी समितीही संचालकांचीच. तेथे मंगरूळपीरच्या सोयाबीन उत्पादकाला आज जागा नाही, जशी त्याच्या पणजोबाला कापसाच्या समितीत नव्हती.

आणखी एक अडचण आहे. कंपनीने आपल्या कार्यस्थळाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदा म्हणतो. वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेला जिल्हा. येथे मोठे कारखाने विरळा, तेव्हा प्राधान्याचा ओघ साहजिकच मुंबई-पुण्याकडे वळतो. परंतु कंपनीचे कार्यस्थळ म्हणजे तिचे धुराडे की तिच्या बियाण्याची पिशवी जेथे फोडली जाते ते शेत? २०२० च्या खरिपात सोयाबीनचे बियाणे उगवलेच नाही, अशा तक्रारी महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांतून आल्या. दुबार पेरणीचा भार ज्याच्या डोक्यावर पडला, त्याच्याशी विक्रेत्या कंपनीचा संबंध पावती फाटताच संपतो, असे मानणे व्यापाराच्या जुन्या रिवाजालाही धरून नाही. अशा कंपनीला रिसोडला दवाखाना बांधायचा असेल, तर तिने तो अवश्य बांधावा. पण उगवणीच्या किती तक्रारी आल्या, किती पंचनामे झाले आणि भरपाईची किती रक्कम किती दिवसांत पोचती झाली, याचा तपशील वार्षिक अहवालात, दवाखान्याच्या छायाचित्राआधी, छापावा.