मातृभाषा कोणाची?

गणेशोत्सवाआधी मुलांकडून अथर्वशीर्ष बसवून घेतात, त्या रांगेत मी आमच्या धाकटीलाही बसवले होते. ती तेव्हा चार वर्षांची होती. जन्मतः कर्णबधिर, श्रवणयंत्र लावूनही तिला शब्द उमगत नसत. शेजारच्या मुलीकडे बघून ती ओठ हलवत होती आणि मी कौतुकाने फोटो काढत होते!

इथे अमेरिकेत बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि मदत सहाव्यापर्यंत सुरू व्हावी, असा दंडक आहे. आम्हालाही वेळेवर कळले होते. तरी चार वर्षे आम्ही खुणांची भाषा घरात येऊ दिली नाही. 'हात चालू लागले की बोलणे मागे पडते' असे कुणी सांगितले होते. खरे सांगायचे तर चारचौघांत हातवारे करायची लाजही वाटत होती.

ही समजूत जुनीच. १८८० साली मिलान येथील कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयीच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडले. वास्तविक त्या खुणांना स्वतःचे व्याकरण आहे, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्येच दाखवले होते.

ऐकणारे मूल 'घर' वाचते तेव्हा तो शब्द त्याच्याजवळ आधीच असतो. आमच्या मुलीजवळ तो नव्हताच, मग अक्षरांनी आठवण कशाची करून द्यायची? कॉक्लिअर इम्प्लांटने पुष्कळ मुले बोलू लागतात, पण सर्वांना सारखा लाभ होत नाही, आणि तोवर मुलाचे वय थांबत नाही.

पुढे एका शिक्षिकेने मला गोष्ट 'वाचायला' शिकवले. पुस्तक असे धरायचे की मुलाला पान आणि आपला चेहरा दोन्ही दिसतील. चित्र पाहून ते मान वर करेपर्यंत थांबायचे. मग खूण करायची, छापील शब्दावर बोट ठेवायचे, बोटांनी त्याची अक्षरे काढून दाखवायची. मला ते थांबणेच जमत नसे.

परदेशात आपण मराठीसाठी एवढा जीव टाकतो. पण जी मुलापर्यंत पोचतच नाही, तिला त्याची मातृभाषा कसे म्हणावे? ज्या भाषेत मूल आईला 'का?' विचारू शकते ती, असे मला आता वाटते. मराठी आम्ही सोडलेली नाही. साताऱ्याची आजी कार्डांवर 'ये', 'जेव' असे ठळक अक्षरांत लिहून पाठवते.

गेल्या वर्षी, नऊ वर्षांची झाल्यावर, तिने खुणेने विचारले, "ही सगळी काय म्हणताहेत?" मला अथर्वशीर्ष लहानपणापासून पाठ आहे. दुसऱ्याच ओळीला हात अडले. अर्थ मलाच ठाऊक नव्हता.