विषाणूची वाटणी

एचआयव्हीपासून घडवलेलं वाहन वापरून कॅन्सरच्या रुग्णाच्या पेशींत नवं जनुक घालतात, असं सांगितलं की ऐकणारा दचकतो. दचकावंच. पण हा विषाणू उगीच निवडलेला नाही. त्याच्या जातीच्या इतर बहुतेक विषाणूंना पेशीचं विभाजन चालू असेल तरच केंद्रकात शिरता येतं. एचआयव्ही ज्या लेंटीव्हायरस गटातला, त्या गटातल्या विषाणूला ती अट नाही. विभाजन थांबलेल्या मेंदूपेशींतही तो जनुक पोचवतो, हे नाल्दिनी, ट्रोनो, वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली उंदरांवर दाखवून दिलं.

मला यातली खरी हुशारी दिसते ती विषाणूची वाटणी करण्यात. १९९८ साली मांडलेल्या पद्धतीत चार स्वतंत्र प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची छोटी वर्तुळं, लागतात. एकात आपल्याला हवं ते जनुक. दुसऱ्यात कवच आणि विकरं घडवणारी जनुकं, तिसऱ्यात रेव्ह नावाचं विषाणूचंच जनुक, आणि चौथ्यात बाहेरच्या आवरणाचं जनुक. तेही एचआयव्हीचं नव्हे, गुराढोरांना तोंड येतं त्या एका रोगाच्या विषाणूकडून उसनं घेतलेलं. चारही एकदम प्रयोगशाळेत वाढवलेल्या २९३टी नावाच्या पेशींत सोडली की दोन-तीन दिवसांत विषाणूचे कण माध्यमात उतरतात. मात्र कणात भरलं जाण्याची खूण पहिल्याच प्लाझ्मिडवर असते. त्यामुळे कण पेशीत शिरतो, जनुक गुणसूत्रात जोडतो आणि त्याचा वंश तिथेच खुंटतो. पुढची पिढी काढायची सामग्री त्याच्याजवळ नसतेच.

विषाणू गरीब झाला आहे, यावर इथे कोणी विसंबलेलं नाही. प्रयोग करणाऱ्याच्या काटेकोरपणावरही सगळा भार टाकलेला नाही. ताकद एका जागी ठेवायचीच नाही, हा विचार राज्यघटना लिहिणाऱ्यांनाही पटला असता.

पण ही वाटणी विषाणूची वाढ रोखते, तो कुठे बसेल ते ठरवत नाही. जनुक गुणसूत्रात नको तिथे बसलं, तर शेजारचं वाढीचं जनुक जागं होऊ शकतं. मुलांच्या एका मेंदूविकारावरच्या स्कायसोना या उपचारात असंच वाहन रक्ताच्या मूळ पेशींत जनुक घालतं; त्यानंतर काहींना रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा संशय याच गोष्टीवर गेला. कॅन्सरच्या उपचारात जनुक घालतात ते रोगाशी लढणाऱ्या टी पेशींत; त्यांत हा धोका रक्ताच्या मूळ पेशींपेक्षा कमी मानतात. नाहीच, असं कोणी म्हणत नाही. जनुक कायमचं राहावं म्हणून तर हे वाहन घेतलं, आणि ते कायमचं राहतं यातच जोखीम आहे. चार सोडून चाळीस प्लाझ्मिड केली तरी ती जाणार नाही.

इतर उपचार थकलेल्या रुग्णाने ही जोखीम पत्करावी, असं मला वाटतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून आलेल्या नेक्सकार१९ या कॅन्सरवरच्या टी पेशींच्या उपचारपद्धतीला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातही लेंटीव्हायरसच आहे. आपल्याकडे तिची चर्चा किमतीपाशी सुरू होते नि तिथेच संपते. नातेवाइकांनी किंमत जरूर विचारावी, पण पुढच्या तपासण्या किती वर्षं आणि कोण करणार, हेही विचारावं. गुणसूत्रात जोडल्या जाणाऱ्या अशा वाहनांसाठी अमेरिकेचं औषध प्रशासन १५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवायला सांगतं.