केवळ पुढें धाडणाऱ्यास दोष लागतो काय?

"तें दुष्कृत्य मीं केलें नाहीं, मला तें आवडलेंही नाहीं, माझ्याकडे आलें तें मीं पुढें धाडलें इतकेंच." हल्लीं खेडोपाडीं मोबाईल फोन पोहोंचला असल्यामुळें हें उत्तर पुष्कळांच्या तोंडीं ऐकूं येतें. तें कितपत खरें आहे, ह्याचा आमच्या वाचकांनीं शांतपणें विचार करावा अशी आमची विनंती आहे.

न्यूझीलंड देशांतील क्राइस्टचर्च शहरीं तारीख 15 मार्च 2019 रोजीं, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळीं, गोऱ्या वर्णाच्या श्रेष्ठत्वाचें वेड घेतलेल्या एका मनुष्यानें दोन मशिदींत गोळीबार केला. त्यांत 51 माणसें प्राणांस मुकलीं. त्यानें शिरस्त्राणास कॅमेरा लाविला होता, आणि पहिल्या मशिदींतील हत्या घडत असतांनाच ती फेसबुकावरून जगास दाखविली. त्या वेळीं ती पाहणारे 200 हूनही कमी होते. परंतु त्यांपैकीं एकानेंही कंपनीस कळविलें नाहीं. पहिली तक्रार चित्रण संपल्यावर 12 मिनिटांनीं आली. पुढील 24 तासांत त्याच चित्रणाच्या सुमारें 15 लक्ष प्रती कंपनीस अडवाव्या किंवा काढून टाकाव्या लागल्या.

ह्या प्रती कोणीं धाडिल्या? मारेकरी तर केव्हांच पकडला गेला होता. कांहीं त्याच्याच मताच्या लोकांनीं, पकडलें जाऊं नये म्हणून चित्रणांत फेरफार करून, मुद्दाम पसरविल्या. कांहीं जणांनीं कुतूहलानें, कांहींनीं संतापानें, तर कांहींनीं निषेध करण्याकरितांही धाडिल्या. हेतु निरनिराळे, परंतु मारेकऱ्याचें काम सर्वांनींच केलें. कारण आपलें कृत्य पुष्कळांनीं पाहावें हीच त्याची इच्छा होती.

ह्यावर कोणी म्हणेल, हेतु पाहून दोष ठरवावा. हें आम्ही अंशतः मान्य करितों. द्वेषानें धाडणारा व अविचारानें धाडणारा हे सारखे अपराधी नव्हेत. तथापि तणाचें बीं रागानें उधळलें कीं खेळतांना उधळलें, हें शेत विचारीत नाहीं, तें उगवतेंच. तारीख 1 जुलै 2018 रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें भिक्षेकरितां आलेल्या पांच निरपराध गोसाव्यांस जमावानें ठार मारिलें. मुलें पळविणारी टोळी आल्याची खोटी बातमी त्यापूर्वीं व्हॉट्सॲपवरून फिरत होती. तेथें कोणी अतिरेकी संघटना नव्हती. ती बातमी धाडणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं आपल्या सोयऱ्यांस सावध करण्याच्या भल्या हेतूनेंच ती धाडिली असेल. परंतु त्या पांच जणांस त्या भलेपणाचा काय उपयोग झाला?

तर मग वाईटाविषयीं मौन धरावें काय? नाहीं. साक्ष देणें निराळें व प्रदर्शन मांडणें निराळें. न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जसिंडा आर्डर्न ह्यांनीं पार्लमेंटांत सांगितलें कीं, मारेकऱ्याचें नांव आपण कधींही उच्चारणार नाहीं. लोकांनीं मृतांचीं नांवें घ्यावीं. घडलेलें त्यांनीं लपविलें नाहीं. मात्र दुष्टास हवी ती कीर्ति त्यास दिली नाहीं.

कंपन्यांचाही दोष मोठा आहे, कारण गर्दी जमविण्यांत त्यांचा नफा आहे. त्याच वर्षीं मे महिन्यांत पॅरिस येथें कित्येक सरकारांनीं व कंपन्यांनीं असें साहित्य आवरण्याचें वचन दिलें. परंतु प्रत्येकाच्या बोटावर पहारा कोणतेंही सरकार ठेवूं शकत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच ठेवावयाचा आहे.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच: भय किंवा द्वेष उपजविणारें कांहीं हातीं आलें असतां प्रथम थांबावें; तें खरें आहे काय व कोणाच्या उपयोगाचें आहे, हें विचारावें; धोका दिसल्यास पोलिसांस कळवावें, दहा शेजाऱ्यांस नव्हे. जें आपल्या हातानें पुढें जातें, त्याचा जबाब देण्यास आपला हात बांधलेला आहे.