मनातला राजीनामा

श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला अध्याय म्हणजे अर्जुनाचा राजीनामा आहे असे म्हटले, तर सज्जनांनी रागावू नये. दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथ उभा राहिला, समोर आपलीच माणसे दिसली, अंगाला कापरे भरले, गांडीव हातातून गळू लागले आणि हा महावीर धनुष्यबाण टाकून रथात बसून राहिला. पुढे दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, की या गुरुजनांना मारून राज्य भोगण्यापेक्षा भिक्षा मागून खाल्लेली काय वाईट? आता गंमत पाहा. भिक्षा म्हणजे काय हे अर्जुनाला ठाऊक नव्हते असे नाही. लाक्षागृहातून सुटल्यावर एकचक्रा नगरीत पांडव भिक्षेवरच राहिले होते. दारोदार हिंडून आणलेले अन्न कुंतीमातेपुढे ठेवायचे आणि त्यातले अर्धे एकट्या भीमाला द्यायचे, हे त्याने स्वतः भोगलेले. तरी त्या घटकेला तीच भिक्षा त्याला गोड वाटली. का? तर समोरचे काम नको होते म्हणून. भिक्षेचे प्रेम कोठेच नव्हते.

भगवंत त्यावर चिडले नाहीत. हसल्यासारखे करून बोलू लागले, असे गीताच सांगते. सातशे श्लोकांतला उरलेला बहुतेक ग्रंथ त्या राजीनाम्याचेच उत्तर आहे.

युद्ध आणि कचेरी एक नव्हे, हे मलाही कळते. पण मन तेच आहे हो. सकाळची लोकल बदलापूरहून सुटते, चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकायला मिळते, डोळे मिटतात आणि मन साहेबाच्या खोलीत शिरते. कागद टेबलावर ठेवला जातो. साहेब चष्मा काढून वर पाहतात. "काय हो हे?" मग आपण असे काही बोलतो की साहेबांना उत्तर सुचत नाही. शेजारच्या टेबलावरची माणसे माना वर करून पाहतात. आपण जिना उतरतो. मग गावचे घर, अंगणात तुळस, कोकणातला असेल तर चार कलमे, देशावरचा असेल तर विहिरीवर मोटर, सकाळी काकडा आणि संध्याकाळी हरिपाठ. तेवढ्यात दादर येते, मागचा मनुष्य ढकलतो, आणि आपण मुकाट्याने दहा वाजता संगणकापुढे जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्षेच्या वर्षे हा एकच कागद साहेबांच्या टेबलावर पडत असतो आणि साहेबांना त्याचा पत्ता नसतो.

ही वैराग्याची पहिली पायरी आहे, असे पुष्कळांना मनातून वाटते. म्हणूनच यावर लिहिणे भाग आहे. एखाद्याला पैशाची हाव सुटली, तर ती हाव आहे हे त्याला कळते तरी. पण या स्वप्नात तुळस असते, काकडा असतो, पांडुरंग असतो. मग त्याला वाईट कोणी म्हणावे? अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यात कष्ट होतात, शरीराला त्रास होतो, या भयाने जो कर्म टाकतो त्याचा त्याग राजस म्हटला आहे, आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही असा निवाडा दिला आहे. हे प्रत्यक्ष टाकणाऱ्याविषयी झाले. जो टाकतही नाही आणि करतही नाही, ज्याचा हात कामावर आणि मन भलतीकडे, त्याची वाट काय? तिसऱ्या अध्यायात हातपाय आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. आपले थोडे उलटे आहे एवढेच. हातपाय चाललेले असतात, आवरलेले काहीच नसते.

या स्वप्नात अधिक वेळ कशावर जातो, हे ज्याचे त्याने तपासावे. मी पुष्कळांना विचारले आहे. साहेबाच्या खोलीतला प्रसंग मोठा असतो. तेथले शब्द ठरलेले असतात आणि रोज थोडे अधिक धारदार होतात. तुळस मात्र घाईत उरकलेली असते. राजीनाम्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करीत आहात, असे विचारले की माणूस गप्प होतो. तेथे चित्रच नसते.

एका वर्षी वारीत एक गृहस्थ माझ्या बरोबरीने चालत होते. बँकेत नोकरी, वयाची पन्नाशी आलेली, गळ्यात माळ, चाल चांगली. लोणंद सोडले आणि ते म्हणाले, "माउली, आता परत जाणे नाही. पंढरीला गेलो की तिथूनच राजीनामा पाठवतो. उरलेले आयुष्य पांडुरंगाचे."

मी म्हटले, "उत्तम आहे, माउली. पण तिकडे इतका वीट कशाचा आला?"

झाले. साहेब सुरू झाले. साहेबांनी बदली कशी अडवली, कनिष्ठाला वर कसे घेतले, भर सभेत काय बोलले. चांदोबाचा लिंब आला, उभे रिंगण झाले, माउलींचा अश्व डोळ्यांपुढून धावत गेला, हजारो माणसे टापांखालची माती कपाळाला लावायला वाकली. हे गृहस्थही वाकले, उठले आणि म्हणाले, "तर मग साहेब काय म्हणाले ठाऊक आहे?" तरडगावला तळ पडेपर्यंत साहेब आमच्या दिंडीत चालत होते.

मी त्यांना हसलो नाही. त्यांचा अपमान खरा होता. पण ज्याला सोडून पंढरीला राहायचे, त्याला हा मनुष्य खांद्यावर घेऊन चालला होता. कागद पाठवून खुर्ची सुटली असती. साहेब कसे सुटणार?

येथे आपल्या संप्रदायाची रीत पाहण्यासारखी आहे. वारी म्हणजे जाणे, तसेच येणेही. वारकरी पंढरीला राहायला जात नाही. एकादशीला चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा, कळसाचे तरी दर्शन, द्वादशीचे पारणे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येईन असे सांगून तो निघतो. पालखीसुद्धा पौर्णिमेच्या काल्यानंतर परत फिरते. ज्यांनी ही परंपरा घातली त्यांना पंढरीचे प्रेम कमी होते काय? पण माणसाला घर आहे, शेत आहे, पेरणी झाली आहे, निंदणी यायची आहे, हे त्यांनी धरून ठेवले. सोडून येण्याची ओढ माणसाला लागणारच. तिला त्यांनी वर्षाची तिथी नेमून दिली, आणि परतण्याचीही.

आता संतांचे दाखले. नोकरीला कंटाळलेल्या माणसापुढे प्रवचनकार पटकन अरणचे सावतोबा उभे करतात. मळ्यातच त्यांना विठ्ठल दिसला, मग तुम्हाला फायलीत का दिसू नये, असे विचारतात. मला हे फारसे पटत नाही. मळा सावतोबांचा होता. भाजीला पाणी केव्हा सोडायचे ते सांगायला त्यांच्या डोक्यावर कोणी बसला नव्हता. ज्याला वरिष्ठ आहे, त्याने ज्यांना धनी होता अशा संतांकडे पाहावे. सेना महाराज राजाच्या चाकरीत होते. धोकटी काखेला मारून हुकूम होताच जावे लागे. जनाबाई दामाशेटींच्या घरची दासी. जात्यावर पहाटेच बसायचे, तिला रजा कोण देणार? दळण संपल्यावर नाम घेईन असे ती म्हणाली असती तर नाम राहूनच गेले असते, कारण दळण कधी संपत नाही. तिने विठ्ठलालाच जात्यापाशी बोलावले.

आणि खरे कारकुनांचे संत म्हणायचे तर नाथमहाराज. देवगिरीला जनार्दनस्वामींपाशी ते राहिले, तेव्हा स्वामी किल्ल्याच्या कारभारावर होते, आणि हिशेबाचे काम नाथांकडे होते. एका रात्री एका पैचा मेळ बसेना, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. सगळे निजले. नाथ दिव्यापाशी वह्या घेऊन बसले, रकमेमागून रक्कम तपासत गेले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजविली. स्वामी जागे झाले. काय झाले म्हणून विचारले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद; संसाराची चूक सापडली तर केवढा होईल!

या कथेचा उत्तरार्ध सगळे सांगतात. पूर्वार्धाकडे लक्ष द्या. पै ती काय, आणि तीही नाथांची स्वतःची नव्हे. पण चित्त तिच्यावर असे बसले की रात्र सरल्याचे कळले नाही. स्वामींनी ओळखले ते हे चित्त. वह्या फेकून दे असे ते म्हणाले नाहीत. ते स्वतःही कारभारातच होते. जे मन वहीत पुरते बसू शकते तेच हरीच्या पायी बसेल. जे वहीपुढे बसून कोकणात हिंडते, ते कोकणात गेल्यावर तुळशीपुढे बसून कोठे हिंडेल, याचा विचार करावा. हे स्वप्न नोकरीचे फार नुकसान करीत नाही. पगार तारखेला होतोच. ते चित्ताची एक जागी बसण्याची सवय मोडते.

यावर कोणी म्हणेल, "अहो, तुकोबांनी तर दुकान सोडले, खते इंद्रायणीत बुडविली. त्यांचे काय?" उत्तम प्रश्न आहे. पण बुडविले काय, ते नीट पाहा. लोकांकडून यायचे होते ते बुडविले. लोकांना द्यायचे होते ते नव्हे. त्यातही धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याच्या हाती देऊन फक्त आपला वाटा बुडविला. आणि हे त्यांनी केले. दहा वर्षे मनात घोळवीत बसले नाहीत. आपल्या स्वप्नात काम बुडते आणि येणे तेवढे तरंगत राहते. पेन्शन चालू असते, फंडाचे व्याज चालू असते.

आणि तुकोबांचे नाव घेतले की जिजाईंचेही घेतले पाहिजे. कीर्तनात त्यांना कजाग म्हणून रंगवितात, लोक हसतात. मला ते आवडत नाही. घरात पोरे उपाशी, सावकारी बुडालेली, आणि ही बाई भाकरी घेऊन डोंगर चढून नवऱ्याला शोधीत जाते. तिने दोन शब्द वावगे बोलू नयेत काय? तुमच्या मनातला राजीनामा तुम्ही घरी दाखविला आहे काय? बहुतेकांनी नाही. साहेबाला ऐकवायची भाषणे पाठ असतात, पण बायकोला सांगायचे एक वाक्य तयार नसते.

नोकरी सोडूच नये असे मी म्हणतो आहे, असा अर्थ कोणी काढू नये. लाच घेतल्यावाचून जेथे टिकता येत नाही, खोट्या कागदावर सही करावी लागते, माणसाला माणूस म्हणून वागवीत नाहीत, तेथून उठावे. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून १३३८ साली गेले. त्यांची गोष्ट सांगून मजुराला "सोसत राहा" असे म्हणणे हे पाप आहे. चोखोबांनी स्वतः देवापुढे गाऱ्हाणे मांडले होते, गप्प बसले नव्हते. वडील अंथरुणाला खिळले, स्वतःचे शरीर चालेना, तरीही सोडावी. पण मग ती उघड्या डोळ्यांनी सोडावी. ग्रॅच्युइटी मिळते ती साधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी झाल्यावर. केंद्र सरकारच्या चाकरीत वीस वर्षे भरली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. घराच्या कर्जाचे हप्ते किती उरले, मुलीची फी किती, हे कागदावर मांडावे. नाथांसारखी पैन् पै. मांडून झाल्यावरही सोडावीशी वाटली तर पांडुरंगाचे नाव घेऊन सोडावी. त्यात साहेबाला ऐकवायचे काही उरलेले नसेल. पुष्कळांच्या बाबतीत मात्र कागद-पेन्सिल हाती घेतली की स्वप्न उडून जाते. त्याला हिशेबाचे वावडे आहे.

आणि एक परीक्षा त्याहून सोपी. वर्षाचे शनिवार-रविवार मिळून १०४ दिवस होतात. राज्य सरकारच्या कचेऱ्यांत २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्या १०४ दिवसांत हरिपाठ किती दिवस झाला? मोकळ्या दिवशी जे होत नाही, ते सगळे दिवस मोकळे झाल्यावर होईल, हे कशावरून?

लोकलमध्ये स्वप्न येणारच. आले तर त्याच्याशी भांडू नये. भांडणात साहेबांची जागा आपण घेतो एवढेच. खोलीचे दार उघडून आत शिरायच्या आधी रामकृष्णहरी म्हणावे. ठाण्यापर्यंत म्हणावे. पुढे मन पळाले तर दादरला पुन्हा धरावे. ज्या दिवशी साहेबांनी खरोखरच टोचून बोलले असेल त्या दिवशी हे जमत नाही, असे मला एका भगिनीने सांगितले. त्या दिवशी घरी गेल्यावर जे झाले ते कोणाला तरी मोठ्याने सांगावे, आणि मग हरिपाठाला बसावे. मनात कोंडलेले टाळाच्या आवाजात आणखी मोठे होते.

आषाढी जवळ आली की आमच्याकडे विचारणा होते, की अठरा-वीस दिवसांची रजा मिळत नाही, काय करावे? आळंदीपासून निघणे होत नसेल तर पुण्याहून दिवेघाट चढून सासवडपर्यंत एक दिवस चाला. चारच दिवस मिळत असतील तर वाखरीला या. सगळ्या पालख्या तेथे एकत्र होतात, पुढची वाट थोडीच आहे. रजेचा अर्ज मात्र महिनाभर आधी द्या आणि कारण स्पष्ट लिहा. टाळ आणायला विसरू नका. पाणी वाहणारे आणि तंबूचे खुंटे ठोकणारे हातही यंदा दिंडीत हवे आहेत.