आकडा मावला नाही तर

पगाराच्या यादीत नावं डावीकडे टेकतात, रकमा उजवीकडे. नाव आपण पहिल्या अक्षरापासून वाचतो. रकमेचं वजन मात्र एककापासून ठरतं. एककाखाली एकक, दशकाखाली दशक आलं, तरच बेरीज जमते.

फरीदाबादसारख्या कारखान्यांच्या गावात दर महिन्याला अशा कितीतरी याद्या छापल्या जातात. प्रत्येक यादीमागे कुणाचा तरी निर्णय असतो: नावाला छपाईची वीस घरं, रकमेला पाच. नाव लहान असेल तर उरलेली घरं मोकळी सोडायची. मोकळी जागासुद्धा यंत्राला सांगावी लागते. ती सांगणाऱ्याने यादीतल्या माणसांना बहुधा कधी पाहिलेलं नसतं.

मग एखादा कामगार निवृत्त होतो. त्याची ग्रॅच्युइटी त्याच यादीत येते, आणि पगाराच्या अंदाजाने आखलेल्या घरांत ती मावत नाही. अशा वेळी फोरट्रान ही संगणकभाषा सगळी घरं तारकांनी भरून टाकते. वाचणाऱ्याला निदान कळतं, इथे काहीतरी अडलं आहे. सी भाषा दिलेली रुंदी कमीत कमी समजते. आकडा पूर्ण छापते, रांग मोडली तरी मोडू देते. कोबोल भाषेत मात्र डावीकडचे अंक मुकाट गळू शकतात. ४,१२,९५० चे १२,९५० होतात. रांग सरळ राहते, पान देखणं दिसतं, आणि माणसाचे चार लाख कागदावरून नाहीसे होतात.

मला सीची रीत आवडते. वाकडी रांग निदान नजरेला टोचते.

नावांचं दुखणं वेगळं. ‘किरण’ डोळ्याला तीन अक्षरं. युनिकोडच्या हिशेबात चार चिन्हं, कारण वेलांटी वेगळी धरली जाते. यूटीएफ-८ मध्ये साठवलं की बारा बाइट. सी बाइटच मोजते. म्हणजे विसातली बारा घरं किरणच्या नावे लागतात, मोकळ्या जागा आठच मिळतात, आणि पुढची रक्कम डावीकडे सरकते. तेच नाव रोमन लिपीत लिहिलं तर पाच बाइट, काही बिघडत नाही. म्हणून नावं रोमनमध्येच घ्यावीत, असं सुचवणारे भेटतात. मला ते पटत नाही. सहीपुरतं लिहायला शिकलेल्या माणसाला यादीत आपलं नाव स्वतः शोधता आलं पाहिजे. अक्षरं पडद्यावर किती जागा घेतात ते आधी मोजावं, मग मोकळ्या जागा द्याव्यात. काम थोडं वाढतं, इतकंच.

नवी यादी करायला घेतली की मी सगळ्यात आधी एक खोटी ओळ घालते. नाव ज्ञानेश्वर: दिसायला चार अक्षरं, साठवणीत तीस बाइट, वीस घरांच्या पलीकडे. रक्कम तीस वर्षांच्या नोकरीनंतरच्या ग्रॅच्युइटीची. ही ओळ न कापता बसली, की मग बाकीच्यांसाठी रुंदी ठरवते.